कुंकवाखालची गुंडी

भाईशेटला मी अहो-जाहो करणार नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असं माझी धारगळची जाऊबाई मला अजून बजावत असते. मी तिला म्हणते, वाईट कुठे बोलते, झालं ते सांगते. त्याच्या तोंडावर मी त्याला ‘तुमी’च म्हणत होते, कारण आईने तशी शिस्त लावली होती. पण हे लिहिताना आई बाजूला बसलेली नाही, तेव्हा मी माझ्या मनासारखं लिहिणार.

आमचं घर नार्व्याला, नदीच्या अंगाला. बाबा मूळचे कुडाळकडचे. खाणी जोरात असताना कामाला म्हणून डिचोलीला आले आणि इकडचेच झाले. घरात मालवणी, बाहेर कोंकणी, शाळेत मराठी अशी आमची भाषा, आणि भांडताना तिन्ही. आई पहाटे उकड्या तांदळाची पेज शिजत ठेवायची. सोबत भाजलेला सुका बांगडा, नाहीतर आंबाड्यांचं लोणचं. बाबा पेज जेवून सायकलने डिचोलीला जायचे. भाईशेटच्या वर्कशॉपमध्ये ते लेथ चालवत, म्हणून सगळे त्यांना विश्राम मेस्त म्हणत. लोखंड फिरवून फिरवून त्याचा शाफ्ट, पिन, बुश असं काय काय करायचं, हे त्यांचं काम. त्यांचे शर्ट धुताना कपड्यात अडकलेला लोखंडाचा कीस आईच्या बोटांत रुतायचा. ती करवादायची, पण दुसऱ्या कुणाला ते शर्ट धुवू द्यायची नाही. संध्याकाळी नदीवरून खनिज भरलेल्या बार्जी खाली जायच्या. त्यांच्या इंजिनाची धडधड जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, बसून ऐकायची आणि यातल्या कुठल्या बार्जीचा शाफ्ट आपण केला ते मला सांगायचं, हा बाबांचा रोजचा कार्यक्रम. एरवी ते फार बोलत नसत. कुणी उलट बोललं तर खाली बघून हसत. मला त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा.

तो लेथ पोर्तुगीज अमदानीत बोटीतून आलेला होता. लांबच लांब, ओबडधोबड धड असलेला. त्याच्या अंगावर काही अक्षरं कोरलेली होती म्हणे, पण ती कुणाला वाचता यायची नाहीत, कारण दर दसऱ्याच्या आधी भाईशेट त्याला हिरवा ऑइलपेंट मारून घ्यायचा. जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा. वर्षानुवर्षं असा रंग चढून मशीनचे सगळे कोपरे गोल झाले होते. लोखंड कापणारी पाती ज्याच्यावर बसवतात ती गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकते. त्या गाडीच्या डाव्या अंगाला एक पितळी गुंडी बाहेर आलेली होती. गोल, गुळगुळीत, हुबेहूब पिंडीसारखी. आमच्या बाजूला सप्तकोटेश्वराचं देऊळ, असं काही गोल गुळगुळीत दिसलं की लोकांचे हात आपसूक जोडले जातात. बाबांच्या आधीच्या मेस्तापासून ती देवाची जागा ठरून गेली होती. दसऱ्याला रोजांचा, म्हणजे झेंडूचा, हार तिथेच चढायचा. भाईशेट स्वतः खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू बोटाने तिच्यावर थापायचा, वर हळद, वर गंध. बाबा रोज कामाला लागण्याआधी त्या गुंडीला हात लावून कपाळाला लावत. गाडीच्या मागे, मशीनच्या धडाला, एक बारीक दांडा लांबीभर गेलेला होता, त्याच्यावर एक लोखंडी कडं होतं. ते कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, बाबा त्याच्यावर हात पुसायचा फडका वाळत घालत.

हे मशीन आपणहून थांबत नाही, आपण थांबवावं लागतं, एवढं मात्र बाबांना शिकवलेलं होतं. डावीकडची कडी खाली केली की गाडी आपोआप, लोखंड पकडून फिरणाऱ्या चकाच्या दिशेने चालायला लागायची. ती चकाजवळ पोचायच्या आत मशीन फिरवणारा बेल्ट दांडक्याने बाजूला सारायचा, की सगळं थांबायचं. बाबांचा एक हात सदोदित त्या दांडक्यावर असायचा.

त्या दसऱ्याला मी वर्कशॉपमध्ये होते. कामगारांच्या घरच्यांना प्रसादाला बोलवायचे, तशी आई आणि मी गेलो होतो. भाईशेटकडे पणजीहून कोण कोण बडे पाहुणे आले होते. पूजा झाल्यावर मालकाने पहिला कट घ्यायचा, हा तिथला मुहूर्त. दर वर्षी भाईशेट कडी खाली करायचा, दोन बोटं लांब लोखंड कापलं की बाबा बेल्ट काढायचे, सगळे टाळ्या वाजवायचे. त्या वर्षी भाईशेटने कडी खाली केली आणि पाहुण्यांकडे तोंड करून नव्या बार्जीच्या गोष्टी सांगत बाबांच्या आणि दांडक्याच्या मधेच उभा राहिला. पांढरं शुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं. बाबा म्हणाले, “शेटानू, जरा बाजूक होवा.” त्याने मागे न बघता हात आडवा केला. “राव रे मेस्ता,” म्हणजे थांब जरा. बाबा पुन्हा म्हणाले. त्याने पुन्हा हात आडवा केला. मग गाडी चकावर जाऊन आदळली. असा आवाज मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकला नाही. आतला गिअर फुटला, दात उडून भिंतीवर आपटले, एक पाहुणा खाली बसला आणि आईच्या हातातला प्रसादाचा द्रोण सांडला.

भाईशेट पांढराफटक पडला होता. मालकाच्या हातून, दसऱ्याच्या मुहूर्ताला, पाहुण्यांसमोर मशीन फुटतं म्हणजे काय, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तो बाबांवर ओरडला, “तुका बेल्ट काडूंक जालो ना? खंय पळयत आशिल्लो तूं?” मग पाहुण्यांकडे वळून म्हणाला, “मेस्तान मशीन मोडलें.” वर्कशॉपचे सगळे कामगार तिथे होते. सगळ्यांनी पाहिलं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. आणि बाबा खाली बघून हसले.

अपशकुनी मशीन आवारात नको म्हणून भाईशेट ते विकायलाही थांबला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना कामावरून काढताना म्हणाला, “तुजें पाप तूंच घरा व्हर.” आणि खरोखरच खनिजाच्या ट्रकात घालून मशीन आमच्या दारात टाकलं. गाय विकल्यापासून आमचा गोठा रिकामा होता. शेजाऱ्यांनी ओंडक्यांवरून ढकलत ते आत नेलं. साखळीपासून पेडण्यापर्यंत कुठल्याही वर्कशॉपमध्ये बाबा गेले की पुढे त्यांची कीर्ती पोचलेली असायची. मशीन मोडणारा मेस्त. शेवटी ते चिऱ्यांच्या खाणीवर दगड उचलायला जाऊ लागले. ज्या हातांना केसाएवढा फरक कळायचा, ते हात चिऱ्याच्या लाल मातीने सोलून निघाले. आई त्यांना रात्री खोबरेल लावायची आणि काही बोलायची नाही.

मी मात्र बोलायची. मला भाईशेटचं वाईट व्हायला हवं होतं, साधंसुधं नाही, चांगलं रग्गड वाईट. अंघोळ करताना, तांदूळ निवडताना, बसमध्ये उभी असताना मी त्याला मनात शिव्या घालायची. पण शिव्यांनी त्याचं काय होणार होतं? त्याचे ट्रक आमच्याच रस्त्यावरून धुरळा उडवत जायचे. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की मशीन बाबांनी मोडलं नाही, आणि तेही ज्यांनी पाहिलं होतं त्या सगळ्यांसमोर. त्यासाठी त्याला आमच्या दारात यायला लावायला हवं होतं. आणि आमच्याकडे त्याच्या गरजेचं म्हणावं असं काय होतं? गोठ्यातलं ते मोडकं धूड. एवढं लांब मशीन डिचोलीत दुसरं नव्हतं. त्याने मागवलेलं नवं मशीन अगदीच आखूड होतं, हे बाबाच एकदा बोलता बोलता बोलून गेले होते.

मॅट्रिक होऊन मी घरीच होते. एके दिवशी रॉकेलची बाटली आणि कालथा घेऊन मी गोठ्यात शिरले आणि रंग काढायला लागले. बाबांनी पाहिलं, पण अडवलं नाही. चार-सहा दिवसांनी ते स्वतःच कानस घेऊन आले. फुटलेल्या गिअरच्या तुटक्या दातांच्या जागी भोकं पाडून त्यांनी पितळेचे खुंट बसवले आणि प्रत्येक खुंट घासून घासून दातासारखा केला. खाणीवरून आल्यावर रोज थोडा वेळ. मी दिवा धरायची आणि ते सांगतील ती हत्यारं द्यायची. त्यांना वाटत होतं पोरीला नाद लागलाय. नाद कसला, मला सूड हवा होता, पण ते बोलून दाखवलं असतं तर त्यांनी कानस खाली ठेवली असती.

अडलं ते गुंडीपाशी. मी तिच्यावर कालथा ठेवला मात्र, आईने धावत येऊन माझं मनगट धरलं. “गो, देवाची जागा ती! थंय लोखांड लावतंस?” मी म्हटलं, देवाने आमचं काय राखलं? त्यावर तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. दोन दिवस ती गोठ्याकडे फिरकली नाही. मग एका सोमवारी अंघोळ करून आली, मशीनपुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागली. आमच्याकडे देवाला असंच सरळ सांगायचं असतं आणि ऐकणाऱ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. “बा देवा म्हाराजा, ह्या पोरग्यान तुझ्या कुकवाक हात घातल्यान, तर तेचा चुकला-माकला पदरात घे.” मी म्हटलं, व्हय म्हाराजा. “आनी ज्येनी माझ्या घोवार खोटो आळ घातल्यान, तेका उजेडात आण. तेचा त्वांड काळा कर रे म्हाराजा!” या वेळी मी इतक्या जोरात व्हय म्हाराजा म्हटलं की शेजारची कोंबडी उडाली. आईच्या पोटात माझ्याइतकंच साठलं होतं, हे मला तेव्हा कळलं. नारळ फोडून तिने स्वतःच्या हाताने चिंच आणि रॉकेल लावून ती गुंडी घासायला घेतली.

कुंकू, तेल, हळद, गंध आणि मधल्या मधल्या हिरव्या रंगाने तिथे लाखेसारखा कडक गोळा झाला होता. तो निघाला तेव्हा खाली आश्चर्य होतं. गुंडी गाडीच्या अंगाला चिकटलेली नव्हतीच. ती एका भोकातून बाहेर आली होती आणि तिच्याभोवती बारीक फट होती, तीही कुंकवाने गच्च बुजलेली. दागिना म्हणून बसवलेली वस्तू अशी भोकातून कशाला आणतील? दरम्यान मागच्या दांड्यावरचा रंग काढताना मला दिसलं की बाबांचं फडक्याचं कडंही एका जागी पक्कं नव्हतं. त्याला एक स्क्रू होता, तो ढिला केला की कडं दांड्यावर हवं तिथे सरकत होतं. ज्याचा काही उपयोग नाही अशा कड्याला कुणी सरकायची सोय कशाला करेल? मी जेवताना, झोपताना त्याच्याच मागे होते. मग एका दुपारी गाडी हाताने चकाकडे ढकलत असताना पाहिलं, गुंडी आणि कडं अगदी एका उंचीवर, समोरासमोर येत होते. गाडी अशीच पुढे गेली तर गुंडी नेमकी कड्यावर टेकणार होती.

मी फटीत रॉकेल सोडत राहिले आणि गुंडी अंगठ्याने दाबत राहिले. ढिम्म. कितीतरी दिवस ढिम्म. एक दिवस रागाच्या भरात मी भाईशेटचं नाव घेऊन तिच्यावर लाकडी मोगरी हाणली. ठक्! गाडीच्या पोटातून एक लोखंडी कप्पा सुटून खाली लोंबला. बाबा अंगणात हात धूत होते, ते धावत आले. “मोडलंस? आता ह्याय मोडलंस गो बाय?” त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मी कप्पा वर उचलला, तो खटकन जागेवर बसला. गुंडी पुन्हा दाबली. ठक्, पुन्हा खाली. पुन्हा उचलला, पुन्हा दाबली. काही मोडलं नव्हतं. गाडीला चालवणारा गिअर त्या कप्प्यात होता. कप्पा वर असला की गाडी चालणार, पडला की गाडी जिथल्या तिथे उभी राहणार, चक खुशाल फिरत राहो. कडं हवं तिथे बसवायचं, गुंडी त्याला टेकली की आत दबते आणि कप्पा आपल्या वजनाने पडतो. पडणं हेच त्याचं काम होतं.

माझा भाचा हल्ली मोबाईलवर परदेशातले लोक जुनी यंत्रं उघडतात त्याचे व्हिडिओ दाखवतो. ते लोक असं काही सापडलं की खूश होऊन हसतात. आम्ही हसलो नाही. बाबा ओंडक्यावर बसले आणि त्यांनी गुंडीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “म्हणजे त्या दिसा आपसूक थांबला असता.” मला तर सगळं अंग पेटल्यासारखं झालं. मशीन स्वतःच थांबलं असतं. त्याला थांबू दिलं नाही ते भाईशेटच्या बोटाने, दर दसऱ्याला थापलेल्या कुंकवाने. मोडलं तेही त्याने आणि त्याच्या आधी जखडून ठेवलं तेही त्याने. मला इतका आनंद झाला की मी पुढे कित्येक दिवस गुणगुणत कामं करत होते, आणि आईला वाटत होतं माझं कुठे जमलंय.

शेतातल्या पंपाची मोटर जोडून मशीन चालू झालं. छोटी-मोठी कामं यायला लागली, नांगराची पिन, होडीची कडी. चिऱ्यांची खाण बाबांनी सोडली. गणपतीची चवथ झाली, खनिजाचा हंगाम तोंडावर आला आणि एक दिवस भाईशेटचा मुनीम सायकलने आला. मोठ्या बार्जीचा शाफ्ट खराब झालाय, नव्या मशीनवर मावत नाही, पणजीला नेला तर हंगाम निघून जाईल, मेस्त करून देतील का. बाबा घरात नव्हते. मी म्हटलं, “शेटाक येवंक सांगा. शाफ्ट घेवन. आनी शाफ्ट उखलपाक वर्कशॉपांतले सगळे जाण हाडा, जड आसतलो.” शाफ्ट उचलायला सगळ्यांना आणा, हे शेवटचं मी अगदी भोळेपणाने सांगितलं.

ते आले. ट्रकच्या मागे शाफ्ट आणि सगळे कामगार, पुढे भाईशेट. कामगारांनी शाफ्ट गोठ्याच्या दारात उतरवला. आळीतली माणसं जमली. आईने भाईशेटला बसायला कदेलही दिली नाही, ती हात पदराला पुसत दारात उभी राहिली. बाबा मशीनपाशी होते. भाईशेट म्हणाला, “विश्राम, हें काम करून दी, जालेलें विसर.” बाबा नेहमीसारखे खाली बघायला लागले. मी चकात एक फालतू सळी लावली, मोटर चालू केली, कडी खाली केली आणि बेल्टच्या दांडक्यापासून लांब जाऊन हाताची घडी घालून उभी राहिले.

गाडी चकाकडे चालायला लागली. भाईशेट गाडीकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग बाबांकडे. बाबांनीही हात उचलला नाही. गाडी चकाजवळ आली तसा भाईशेट मागे उडी मारून ओरडला, “बेल्ट काड! अरे बेल्ट काड!” गुंडी कड्यावर टेकली. ठक्. गाडी थांबली. चक फिरत राहिला. भाईशेटचा एक पाय शेणाच्या जुन्या खड्ड्यात होता.

मग मी सगळं सांगितलं, कामगारांकडे तोंड करून, कोंकणीत, म्हणजे कुणाला समजलं नाही असं व्हायला नको. ही गुंडी. हा कप्पा. हे काम त्याचं. आणि ह्या फटीत काय भरलं होतं आणि ते कुणाच्या हातचं होतं. “आतां सांगात शेट, मशीन कोणें मोडलें?”

“पोरी, व्हडा मनशाक अशें विचारतात?” तो म्हणाला. मी म्हटलं, “शाफ्ट परत व्हरात तर.” त्याने नदीकडे पाहिलं, त्याची बार्ज तिथे काठाला रिकामी उभी होती. “मेस्तान मोडूंक ना,” तो पुटपुटला. मी म्हटलं, ट्रकाकडच्यांना ऐकू आलं नाही. तो मोठ्याने म्हणाला, “मेस्तान मोडूंक ना! म्हज्या हातान मोडलें! जालें?”

मला झालं होतं. माझं पोट भरलं. मी मोटर बंद केली आणि शाफ्ट चढवायला चकातली सळी काढू लागले. भाईशेटने रुमालाने मान पुसली आणि बाबांना म्हणाला, “केन्ना दितलो मेस्ता? आयतवारा मेरेन जातलें मगो?”

बाबांनी हातातला फडका घडी करून ठेवला. वर पाहिलं. ते हसत नव्हते.

“नाय, शेटानू,” ते म्हणाले. “तुमचा काम हय जावचा नाय.”

भाईशेटला आधी कळलंच नाही. मलाही नाही. मग तो म्हणाला, “तर मागीर म्हज्याकडल्यान सगळ्यांमुखार वदोवन कित्याक घेतलें?”

“आयकाचा होता,” बाबा म्हणाले.

भाईशेट कामगारांकडे वळून ओरडला की शाफ्ट तिथेच राहू द्या, कुणी हात लावायचा नाही. कामगारांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली, आणि त्यांनी शाफ्ट उचलून पुन्हा ट्रकवर चढवला.